साताऱ्यात राहतो, पहिलीच बाईक घ्यायची आहे. १२५ सीसी घेऊ की थेट ३५०?

पहिली गाडी १२५ सीसीचीच घ्या. ती साधारण १२० किलोची, ३५० ची बुलेट १९० च्या पुढे. यवतेश्वर घाटात चढाच्या वळणावर थांबावं लागलं की हा फरक थेट पायाला कळतो. घरातल्या तिघांना शिकवलंय, त्यावरून सांगतो: पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात फक्त क्लच आणि ब्रेक, घाट नंतर. आणि उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका! दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. इंजिनच वेग आवरतं, ब्रेक तापत नाहीत. रोज हायवेनं कराड-कोल्हापूर करायचं असेल तर मात्र १५०-१६० सीसी बघा, १२५ च्या वर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे.