वाचलेलं आठवत नाही, कार्डांचा ढीग संपत नाही

"मॅडम, चार-चार तास बसते. पुस्तक रंगवून टाकलंय. पण पेपर हातात आला की पाटी कोरी." आई बोलत होती, दहावीतली लेक गप्प. स्मरणशक्तीच कमी आहे का, ही शंका घेऊन बरेच पालक येतात. बहुतेक वेळा तसं नसतं. तेच पान पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि 'येतंय' असं वाटतं. पुस्तक मिटून आठवून बघणं राहूनच जातं.

"ते ॲपपण करून बघितलं," मुलगी म्हणाली. मावसभावानं फोनवर अँकीड्रॉइड टाकून दिलं होतं. प्रश्न दाखवणारं, उत्तर आठवलं की तेच कार्ड आणखी लांबच्या तारखेला पुन्हा आणणारं हे ॲप अँड्रॉइडवर फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. (आयफोनचं ॲप विकत आहे, तिथं ब्राउझरमध्ये त्याच 'अँकी'ची अँकीवेब ही साइट चालते. नावात 'अँकी' घालून पैसे मागणारी भलतीच ॲप्सही आहेत, ती टाळा.)

फोन उघडल्यावर घोटाळा दिसला. कुणीतरी बनवलेला ६४० कार्डांचा आयता गठ्ठा, रोजची नवीन कार्डं १००. तीन दिवस चुकले आणि उजळणीचा आकडा २०० वर जाऊन बसला. तोही खरा नव्हे: मुळात दिवसाची मर्यादाच २०० असते, उरलेला ढीग मागे दडलेला. शिवाय उत्तर चुकलं तरी ती 'हार्ड' दाबायची, 'अगेन' (म्हणजे आठवलं नाही) दाबायला लाज वाटायची म्हणून. हार्ड म्हणजे आठवलं, पण कष्टानं. चुकल्यावर ते दाबलं की ॲप समजतं आठवलंय, आणि न येणारं कार्ड पुढं ढकलतं.

गठ्ठा काढून टाकला. सेटिंगमध्ये रोजची नवीन कार्डं १०, आणि कार्ड स्वतःच लिहायचं, धडा समजल्यानंतर. तिचं पहिलं कार्ड होतं: 'मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास सांगा.' असं कार्ड अर्धवट आठवतं, मग बरोबर म्हणायचं की चूक? त्याचे तुकडे केले:

'लिथिअम ६.९, पोटॅशिअम ३९.१. डोबरायनरच्या नियमानं मधल्या सोडिअमचं अणुवस्तुमान?' (सरासरी, २३.)
'न्यूलँड्सची अष्टकं कुठवर लागू पडली?' (कॅल्शिअमपर्यंत.)
'मेंडेलीव्हनं मांडणी कशाच्या क्रमानं केली?' (अणुवस्तुमानाच्या.)
'१९१३मध्ये हेन्री मोझलेनं अणुवस्तुमानाऐवजी काय धरलं?' (अणुअंक.)

एका कार्डात एकच गोष्ट. उत्तर आधी मोठ्यानं म्हणायचं, मगच पलटायचं. मनातल्या मनात 'हो, हे माहितेय' चालणार नाही.

आईचा प्रश्न रास्त होता: "म्हणजे पुन्हा मोबाईलच ना?" सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरतात, पुढं वीस-पंचवीस. इंटरनेट बंद ठेवूनही ॲप चालतं, तेव्हा डेटा बंद करूनच फोन द्यायचा. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी नवीन कार्डं शून्य करून फक्त उजळणी. रविवारीही सुट्टी नाही, ही अट तिला सगळ्यात जड गेली.

तिसऱ्या आठवड्यात आली तेव्हा त्या दिवसाचा आकडा ५८ होता, आणि 'अगेन' बिनदिक्कत दाबत होती. भूमितीची प्रमेयंही कार्डांवर घालू का, असं विचारलं. नाही. व्याख्या आणि सूत्रं घाल. सिद्धता वहीत, पेन घेऊन, पुस्तक झाकून.