डिजिटल कॅमेरा चालू व्हायला इतका वेळ का घेतो? बिघडलाय की असाच असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की खिशात मावणारा झूमवाला (कॉम्पॅक्ट) कॅमेरा आहे, बरीच वर्षं वापरताय, बटण दाबल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत चार-पाच सेकंद जातात, नवा होता तेव्हा एवढं लागत नव्हतं, आणि फोनचा कॅमेरा मात्र लगेच उघडतो, मग याला काय धाड भरलीय.

आधी फोनचं सांगतो म्हणजे तो विषय बाजूला होईल. फोन बंद असतोच कधी? तो झोपलेला असतो, सिस्टीम रॅममध्ये (कामापुरत्या चालू मेमरीत) तयारच असते, कॅमेरा म्हणजे नुसतं एक अ‍ॅप उघडायचं. फोन पूर्ण स्विच ऑफ करा, मग चालू करून पहिला फोटो काढा आणि घड्याळ बघा, तुमचा कॅमेरा एकदम चपळ वाटायला लागेल. फोनची बॅटरी मोठी असते आणि आपण ती रोज चार्ज करतो म्हणून त्याला हे परवडतं. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची बॅटरी साधारण ७०० ते १२०० एमएएचची, तो महिनाभर कपाटात पडून राहणार आणि तरी काढल्यावर चालला पाहिजे, म्हणून बनवणाऱ्यांनी ऑफ म्हणजे जवळपास खरंच ऑफ ठेवलंय.

आता मुद्द्याचं. वेळ लागतो तो प्रोसेसर गणितं करत बसतो म्हणून नाही. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम, छोटं असतं, ते आतल्या कायमच्या मेमरीतून रॅममध्ये यायला फार वेळ जात नाही. कॅमेरा बहुतेक वेळ कशाची ना कशाची वाट बघत असतो, लेन्सची, मेमरी कार्डची, फ्लॅश चार्ज व्हायची. तुमच्या कॅमेऱ्यात तो कशासाठी खोळंबतोय एवढं सापडलं की अर्धं काम झालं, आणि हे घरीच शोधता येतं, कुठे दाखवायला नेण्याआधी करून बघा.

फोनवर साधा व्हिडिओ लावा आणि त्यात तुमचा कॅमेरा चालू करताना शूट करा. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर ३० फ्रेम म्हणजे एक सेकंद, नंतर थांबवत थांबवत बघायचं. काय दिसेल: आधी लेन्सवरच्या झाकणाच्या पातळ पाकळ्या सरकतात, मग एकात एक बसलेल्या नळ्या बाहेर येतात, आत एक छोटा प्रकाशाचा सेन्सर असतो तो लेन्स ठरलेल्या जागी पोचल्याचं सांगतो, फोकसचा भाग पण आपल्या मूळ जागेवर जाऊन येतो, त्यानंतर स्क्रीनवर चित्र येतं, ते क्षणभर गडद किंवा पिवळट असतं आणि मग सावरतं. यातला कुठला टप्पा रेंगाळतोय ते फ्रेममध्ये स्पष्ट कळतं. नुसत्या अंदाजावर जाऊ नका, आवाज चालू असला की वेळ कमी वाटतो आणि शांतता असली की जास्त, मला तरी तसंच होतं.

दुसरी युक्ती मला फार आवडते. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये पॉवरच्या बटणाऐवजी फोटो बघायचं प्ले बटण दाबून कॅमेरा चालू होतो (काहींमध्ये थोडा वेळ दाबून धरावं लागतं) आणि तेव्हा लेन्स बाहेर येत नाही. तसा चालू केल्यावर फोटो पटकन दिसले तर कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही सुटले, उशीर लेन्सकडे आहे. प्ले करूनही तो गोल फिरणारा काटा दाखवत बसला तर सरळ कार्डावर संशय घ्या.

मग कार्ड काढून चालू करा. कार्ड नाही असा मेसेज येईल, येऊ दे, स्क्रीन तयार व्हायला किती वेळ लागला तेवढंच बघायचंय. कार्डाशिवाय एकदम झटपट झाला तर चोर सापडला. माझ्या अनुभवात पूर्वी बरा होता आणि आता हळू झाला अशा तक्रारीत बऱ्याचदा कार्डच निघतं, कारण कॅमेरा तोच राहतो पण लोक कार्ड बदलतात, मोठं टाकतात आणि वर्षानुवर्षं रिकामं करत नाहीत.

मोठ्या कार्डाने वेळ का लागावा? चालू झाल्यावर कॅमेऱ्याला अजून किती फोटो मावतील तो आकडा दाखवायचा असतो, त्यासाठी कार्डवर मोकळी जागा किती हे कळायला हवं. कार्डवर फायली मांडायच्या एफएटी३२ पद्धतीत कार्डाचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याची एका तक्त्यात नोंद असते. ३२ जीबीचं कार्ड, ३२ केबीचा एक तुकडा धरला तर दहा लाखांच्या वर तुकडे, प्रत्येकाची ४ बाइटची नोंद, म्हणजे नुसता तक्ताच ४ एमबीचा झाला. जुना कॅमेरा कार्ड सेकंदाला २ एमबीच्या वेगाने वाचत असेल तर मोजणीतच २ सेकंद गेले. जुन्या २ जीबीच्या कार्डात आधीच्या एफएटी१६ पद्धतीचा हा तक्ता १२८ केबीच्या आसपास असायचा, तो कधी वाचून झाला ते कळायचं पण नाही. मोकळ्या जागेचा आकडा कार्डवर वेगळा लिहून ठेवायची सोय असते खरी पण सगळी फर्मवेअर त्यावर विश्वास ठेवत नाहीत, पुन्हा मोजतात.

शिवाय फोटोंचे नंबर. डिजिटल कॅमेऱ्यांचा एक ठरलेला नियम आहे, डीसीएफ म्हणतात त्याला, त्यात डीसीआयएम फोल्डरच्या आत १०० ते ९९९ नंबरचे फोल्डर आणि फोटोंना ०००१ ते ९९९९ नंबर. पुढचा फोटो कुठला नंबर घेणार हे ठरवायला कॅमेऱ्याला शेवटचा नंबर शोधावा लागतो, आणि एका फोल्डरमध्ये हजारो फोटो तुंबले असतील तर तो शोध लांबतो. काही कंपन्यांचे कॅमेरे तर फोटोंची वेगळी यादीच कार्डवर ठेवतात, कॉम्प्युटरवरून तुम्ही मधलेच फोटो उडवले किंवा नावं बदलली की ती यादी दुरुस्त करायला घेतात.

त्यामुळे उपाय साधा आहे. सगळे फोटो उतरवून घ्या, जमलं तर दोन ठिकाणी, उघडून बघा की नीट आलेत, आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरमध्ये नको. फॉरमॅटच्या मेनूत लो लेव्हल (कार्ड मुळापासून पुसणारा) असा पर्याय असला तर एकदा तो करा, वेळ लागतो पण रखडलेलं कार्ड कधी कधी त्याने सुधारतं. तरी फरक नाही पडला तर ओळखीच्या कुणाचं ८ किंवा १६ जीबीचं चांगलं कार्ड टाकून बघा, जुन्या कॅमेऱ्याला तेवढं भरपूर होतं.

कार्ड निर्दोष सुटलं तर बॅटरी बघायची. जुन्या लिथियम बॅटरीचा आतला रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो, स्क्रीनपुरता करंट ती देते पण लेन्सची मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली बसतं, त्यामुळे लेन्स कण्हत कण्हत बाहेर येते. थंडीत हे जास्त जाणवतं. आणि फ्लॅश ऑटोवर असेल तर त्याचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) साधारण ३०० व्होल्टपर्यंत भरावा लागतो, काही कॅमेरे तो भरेपर्यंत शटरच दाबू देत नाहीत. फ्लॅश बंद करून बघा, फुकटचा उपाय आहे. स्टार्टअपचा लोगो आणि आवाज बंद करायला लोक सांगतात, करा हवं तर, पण लोगो बहुतेक वेळा लेन्स बाहेर येईपर्यंतचा वेळ भरून काढायला दाखवलेला असतो, तो काढून फारसा वेळ वाचत नाही.

नव्या कॅमेऱ्याचा विचार असेल म्हणून सांगतो, हा वेळ मुद्दाम ठेवलेला नसतो, लक्ष घातलं तर तो कमी होतो हे उघड दिसलंय. २००३ मध्ये आलेल्या कॅननच्या ईओएस ३००डी या डीएसएलआरला (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) चालू व्हायला जवळपास ३ सेकंद लागायचे, लोक वैतागायचे, आणि २००५ च्या ३५०डी मध्ये तेच काम ०.२ सेकंदात व्हायला लागलं. मधे २००४ मध्ये निकॉन डी७० तसाच झटपट आला होता. डीएसएलआरला एक सोय आहे, बघायला आरशातून थेट लेन्समधलं दृश्य मिळतं, त्यामुळे सेन्सर (चित्र टिपणारा भाग) आणि स्क्रीन जागे व्हायची वाट बघावी लागत नाही. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, सेन्सर, प्रोसेसर आणि आतला छोटा स्क्रीन हे सगळं चालू झाल्याशिवाय तुम्हाला काही दिसतच नाही, म्हणून भारी मिररलेस पण या एका बाबतीत जुन्या डीएसएलआरपुढे मंद वाटू शकतो. त्यात मोटरने बाहेर येणारी पॉवर झूम किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी) असली की अजून उशीर, तोच कॅमेरा साध्या हाताने फिरवायच्या लेन्सवर लवकर तयार होतो. काही कॅमेऱ्यांत चालू-बंद करताना सेन्सरची धूळ झटकली जाते, कॅननने हे २००६ च्या ४००डी पासून दिलं, पण ते चालू असताना शटर अर्धं दाबलं की लगेच थांबतं, त्यासाठी ताटकळायची गरज नाही. कॅटलॉगमधल्या स्टार्टअपच्या आकड्यावर मात्र मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, कुणी स्क्रीन लागेपर्यंत मोजतो कुणी पहिला फोटो निघेपर्यंत, आपल्याला दुसरा आकडा हवा असतो.

आणि एक सवय, जी सगळ्या सेटिंगपेक्षा जास्त कामाची आहे. फोटो काढायला बाहेर पडलात की दर फोटोनंतर कॅमेरा बंद करू नका. ऑटो पॉवर ऑफ एक मिनिटावर ठेवा आणि स्विच चालूच राहू दे, डीएसएलआर आणि मिररलेस अर्धं शटर दाबलं की झोपेतून उठतात आणि ते पूर्ण बंद कॅमेरा चालू करण्यापेक्षा बहुतेक वेळा लवकर होतं. कॉम्पॅक्टमध्ये बऱ्याचदा आधी फक्त स्क्रीन बंद होते, लेन्स थोडा वेळ बाहेरच राहते, तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं की तयार. फक्त लेन्स बाहेर असताना खिशात टाकू नका.

हे सगळं करूनही व्हिडिओत लेन्सच अडकत येताना दिसली, करकर आवाज आला, किंवा लेन्स बाहेर येऊन परत आत जाऊन मग एरर दाखवत असेल तर नळ्यांमध्ये वाळू किंवा धूळ गेलीय. तेल सोडू नका, ते आतल्या काचांवर आणि पाकळ्यांवर पसरतं, आणि हाताने ओढू पण नका, आतले दात प्लॅस्टिकचे असतात. मऊ ब्रश आणि हाताने दाबायचा हवेचा पंप घ्या, कॅमेरा लेन्स खाली करून धरा आणि नळ्यांच्या फटीतून हलकेच झटका. तेवढ्याने सुटलं तर सुटलं, नाहीतर उघडून साफ करणाऱ्याकडेच द्यावा लागेल, आणि स्वतः उघडायचा मोह झालाच तर तो फ्लॅशचा ३०० व्होल्टचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेला असू शकतो, चांगलाच झटका देतो.