कॅस्टर : जोडतारा, द्वैती की जुळे?

ताई, तुमचा प्रश्न असा की अंजनेरीच्या आकाशदर्शनाच्या फलकावर मिथुन राशीतल्या कॅस्टरला काय लिहायचं, कारण एकीकडे 'जोडतारा' सापडतं, दुसरीकडे 'द्वैती', तिसरीकडे 'जुळे तारे', आणि वर त्यात तारे म्हणे सहा, मग 'जोड' कसं चालेल? माझं मत विचाराल तर बिनधास्त जोडतारा लिहा.

'जोड' म्हणजे दोनच असं मराठीत कुठंय? जोडाक्षर बघा ना, 'स्त्री'त तीन व्यंजनं आहेत, 'कार्त्स्न्य'मध्ये तर पाच एकावर एक चढलीत, तरी त्याला जोडाक्षरच म्हणतो आपण. आणि कॅस्टरचं तर असंय की तिथं प्रत्येक पायरीला खरोखर दोघांचीच जोड आहे. साध्या दुर्बिणीतून त्या एका ठिपक्याचे दोन होतात, ए आणि बी, ते एकमेकांभोवती साधारण साडेचारशे वर्षांत एक फेरी मारतात (हे नुसते शेजारी दिसणारे नाहीत, एकमेकांना बांधलेले आहेत हे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं १८०३ मध्ये दाखवलं). पण ए हा एकटा नाही, त्याचा जोडीदार त्याला इतका चिकटून आहे की सव्वानऊ दिवसांत फेरी पूर्ण, बीचंही तसंच, तिथं तर तीन दिवससुद्धा लागत नाहीत. हे जोडीदार दुर्बिणीत वेगळे दिसत नाहीत, ताऱ्याच्या उजेडाचे रंग वेगळे केले की जो पट्टा दिसतो त्या वर्णपटातल्या रेषा पुढंमागं सरकतात त्यावरून कळतात. आणि या चौघांपासून बरीच लांब सी नावाची अंधुक तांबूस जोडी, ती साडेएकोणीस तासांत फिरते आणि फिरताना एकमेकांना झाकते, म्हणून तिचा उजेड ठरावीक वेळानं कमी होतो. त्या चौघांभोवती फिरायला मात्र सीला हजारो वर्षं लागतात.

असंच का, तर तीन-चार तारे सारख्याच अंतरावर ठेवले की त्यांचं जमत नाही, आज ना उद्या एखादा बाहेर फेकला जातो. जवळची जोडी आणि तिच्यापासून भरपूर लांब दुसरी, हीच मांडणी टिकते. म्हणून 'षट्तारा' वगैरे नवीन शब्द पाडायच्या भानगडीत पडू नका, त्यातून नुसता आकडा कळतो, मांडणी नाही कळत.

'द्वैती' चूक नाहीये, गुरुत्वाकर्षणानं बांधलेल्या दोन ताऱ्यांना तो चांगला शब्द आहे, पण सहांना लावला की आकडा आड येतो आणि फलक वाचणाऱ्याला आधी द्वैत-अद्वैत आठवणार, पंचवटीतला असेल तर हमखास. 'जुळे' मला फारसं पटत नाही. वय एक, ते ठीक, पण ए मधला मोठा तारा पांढराशुभ्र, सूर्याच्या दुपटीहून जड, आणि त्याचा जोडीदार लाल बटू, म्हणजे लहानसा मंद तारा, सूर्याच्या निम्माही नाही, यांना जुळे कोण म्हणेल? सीमधल्या दोघांना खुशाल म्हणा, दोघंही सूर्याच्या साधारण ०.६ पट, अगदी सारखे.

एक खबरदारी घ्या, फलकावर 'पुनर्वसूची जोडी' लिहू नका. संस्कृतात पुनर्वसू हे नक्षत्राचं नाव द्विवचनी, कॅस्टर आणि त्याच्या शेजारचा मिथुनेतलाच ठळक तारा पोलक्स मिळून, पण पोलक्स आपल्यापासून ३४ प्रकाशवर्षांवर आणि कॅस्टर ५१ वर, दोघांचा काहीएक संबंध नाही. म्हणजे नावात जोडी आहे ती जोडी नाहीच आणि एकटा दिसतो त्यात सहा जण! 'पुनर्वसूचे दोन तारे' लिहिलं की घोळ मिटला.

मार्चच्या सुरुवातीला रात्री नवाच्या सुमारास नाशकातून कॅस्टर जवळपास डोक्यावर, जरासा उत्तरेकडे असतो, तेव्हा मान दुखेल हेही सांगून ठेवा आणि दुर्बिणीत फार तर दोन-तीन ठिपके दिसतील हेही, नाहीतर पोरं सहा मोजत बसतील.

आणि हो, तो जोडतारा, अनेकवचन जोडतारे, आणि विभक्ती लावताना 'जोडताऱ्याचा', तुमच्या मसुद्यात 'जोडताराचा' झालंय तेवढं बदला.