मसाई मारात एकच दिवस मिळाला तर प्राणी कसे शोधायचे? ताडोबापेक्षा काय वेगळं असतं?

तुमच्या ताडोबाच्या चार सफारी झाल्यात आणि आता केनियात मसाई मारात एकच पूर्ण दिवस मिळणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी ऑगस्टमध्ये तिथे होतो. त्यातला एक दिवस सांगतो.

ताडोबात आपण कानांनी शोधतो. वानर खाकरलं, चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला की जिप्सी थांबते. मारात नजर पोहोचेल तिथवर गवतच गवत, त्यामुळे सगळं काम डोळ्यांचं. आणि सिंह, चित्ता शोधत बसायचं नाही. हरणं कुठे बघतायत ते बघायचं.

सहा वाजता आत शिरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. मारा समुद्रसपाटीपासून 1500 मीटरच्या आसपास आहे, स्वेटर-कानटोपी घ्याच. पहिल्या दोन तासांत विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी आफ्रिकी हरणं) आणि झेब्र्यांचे कळप, जिराफ, हत्ती, झोपलेल्या तीन सिंहिणी. हे त्या दिवसांत बहुतेकांना दिसतं.

नऊच्या सुमारास ड्रायव्हरने गाडी बंद केली. समोर वीस-पंचवीस थॉमसन गॅझेल, म्हणजे कुशीवर काळा पट्टा असलेली लहान हरणं. चरायचं सोडून सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. दुर्बिणीतून तिथे नुसतं एक वारूळ दिसत होतं. पाचेक मिनिटांनी त्या वारुळाला कान फुटले!

चित्त्याची मादी होती. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ स्पष्ट दिसत होती. बिबट्याला ती नसते, एवढी खूण लक्षात ठेवा. मग चिवचिव ऐकू आली. आम्ही पक्षी शोधायला लागलो, तर तीच पिल्लांना बोलावत होती. गवतातून दोन पिल्लं बाहेर आली. मी कोल्हापूरचा. आमच्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, पुढे आफ्रिकेतूनही आणायचे. 1952 मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ती मोकळ्या रानात पिल्लांना चाटत होती आणि मला डोळे पुसावे लागले.

तास-दीड तास आम्ही हललो नाही. मग ती उठली, मान खाली घालून एकेक पाऊल टाकत निघाली. शंभरेक मीटर उरले असतील, तेवढ्यात एक गाडी रस्ता सोडून थेट मध्ये घुसली. हरणं उधळली, शिकार हुकली. सिंह आणि तरस टाळायला चित्ता बहुतेक दिवसाच शिकार करतो आणि पर्यटकही दिवसाच फिरतात. म्हणजे आपल्या घाईची किंमत पिल्लं उपाशी राहून मोजतात. प्राण्यापासून 25 मीटर लांब राहायचं, एका ठिकाणी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, असा तिथला नियम आहे. तुमच्या ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा की आम्हाला जवळ जायची घाई नाही. पर्यटक आग्रह करतात म्हणूनच बऱ्याचदा गाड्या घुसतात.

दुपार मारा नदीवर गेली. पाणघोडे, मगरी भरपूर दिसल्या. विल्डबीस्ट काठापर्यंत आले आणि परत फिरले. दोन तास थांबलो, कळप उतरला नाही. एका दिवसात कळप नदी ओलांडताना बघायचा हट्ट मात्र धरू नका.

जानेवारीत जाणार असाल तर विल्डबीस्टचे मोठे कळप तेव्हा टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात. पण चित्ते मारात वर्षभर असतात, आणि गवतही त्या काळात बऱ्याचदा हिरवं असतं.