फिरायला नेल्यावर कुत्रा प्रत्येक खांबापाशी हुंगत बसतो. ओढून पुढे न्यावं का?

ओढू नका, हुंगू द्या. त्याच्यासाठी फिरणं म्हणजे मुख्यतः हेच. खांबावरच्या लघवीच्या वासावरून इथे नर येऊन गेला की मादी, ती माजावर आहे का, वास ताजा की जुना, हे त्याला कळतं. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या ग्राहकपेशी साधारण ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, ३० कोटींपर्यंत!

त्याची नाकपुडी जवळून बघा, कडेला एक चीर दिसेल. श्वास सोडताना हवा त्या चिरेतून बाजूला जाते, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही आणि सेकंदाला पाचेक वेळा हुंगणं सुरू राहतं. शिवाय टाळूच्या वर जेकबसनचं इंद्रिय असतं, ते दुसऱ्या कुत्र्यांच्या अंगचे रासायनिक संकेत ओळखतं.

सकाळी ऑफिसची घाई असेल तर संध्याकाळी निवांत रस्त्यावर लांब दोरी लावून वाट त्यालाच ठरवू द्या. पावसात बाहेर पडता आलं नाही, तर जुन्या टॉवेलात खाऊ गुंडाळून शोधायला द्या, छान दमतो. साचलेल्या पाण्यापासून मात्र लांब ठेवा, त्यात मिसळलेल्या उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. त्याची लस वेळेवर द्याच.