बालसंगोपन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पर्वती पायथ्याच्या वस्तीत राहते. सून सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला जाते, मुलगा रिक्षा चालवतो, म्हणून सव्वादोन वर्षांचा नातू दिवसभर माझ्याजवळ असतो. खोली दहा बाय दहाची आहे आणि बोळातून दुचाक्या जातात. मोबाइल दिला की तो दोन-दोन तास गप्प बसतो. शेजारणी म्हणतात, नर्सरीत घाला, लिहायला तरी शिकेल. मी चौथी शिकलेली. काय करावे? – एक आजी

उत्तर : आजी, या वयाच्या मुलाने दोन तास गप्प बसावे, याचीच मला अधिक काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांनुसार तुमच्या नातवाच्या वयाच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हायला हवी आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत, शक्यतो त्याहूनही कमी असावा. हे तीन तास सलग भरायचे नसतात. सकाळी पाच मिनिटे, दुपारी दहा मिनिटे असे ते साठत जातात.

त्यासाठी तुमची खोली पुरते. गोधडीची वळकटी करून ती त्याला ओलांडू द्या, दोन डब्यांवर टाकलेल्या साडीखालून रांगू द्या, फरशीवर खडूने रेघ ओढून तिच्यावरून चालायला सांगा, जुन्या मोज्यांचा चेंडू टोपलीत टाकायला लावा. भाकरीचे पीठ मळताना एक गोळा त्याच्या हाती द्या. हे करताना ‘वर चढ’, ‘आत टाक’, ‘आणखी एक दे’ असे बोलत राहा, कारण शरीर हलत असताना कानावर पडलेला शब्द त्याला अर्थासकट कळतो, आणि त्या बोलण्यासाठी तुमची चौथी पुरेशी आहे. मात्र पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नका. इतकी लहान मुले थोड्या पाण्यातही बुडू शकतात. शेंगदाणे, फुटाणे, बाटलीची झाकणे हाताशी नकोत.

लिहिण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाचा ताबा आधी खांद्यावर, मग कोपरावर, मनगटावर आणि सर्वांत शेवटी बोटांवर येतो. त्यामुळे जे मूल भरपूर चढले, लोंबकळले, ओढत-ढकलत राहिले, त्याला पुढे पेन्सिल धरणे सोपे जाते. बोळाचा प्रश्न एकट्या आजीने सुटणार नाही. संध्याकाळचा एक तास दुचाक्या हाताने ढकलत न्याव्यात, एवढे चार घरांनी मिळून ठरवावे. सुट्टीच्या दिवशी तुमच्या मुलाने नातवाला सारसबागेत न्यावे आणि कडेवरून खाली सोडावे. नातवाचे नाव अंगणवाडीत घातले नसेल, तर आजच घाला. रोजचा वर्ग तीन वर्षांनंतर असला, तरी त्याआधी घरी नेण्याचा आहार आणि वजनाची नोंद त्याला मिळते, आणि घरभेटीला येणाऱ्या सेविकेला खेळांविषयीही विचारता येते.

प्रश्न : मी येरवड्यात अंगणवाडी सेविका आहे. पालक म्हणतात, ‘तुम्ही नुसते खेळवता, शिकवत काहीच नाही.’ त्यांना काय सांगावे?

उत्तर : सेविकाताई, पालकांचा रोष समजून घ्यायला हवा, पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवू पाहणाऱ्या आईला वहीतले अक्षर दिसते, खेळातले शिकणे दिसत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यासाठी खेळावर आधारलेले शिक्षणच सांगितले आहे. आपल्याकडे तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी गावात आदिवासी मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तुमच्या कामाच्या नावातले अंगण तिथले आहे. तरीही धोरण ऐकवण्यापेक्षा पालकांना अर्धा तास वर्गात बसवून घ्या. मूल एकेका पायरीवर एकेक अंक म्हणत चढते, लाल रुमाल लाल टोपलीत टाकायला धावते, आपली पाळी येईपर्यंत थांबते, हे त्यांना पाहू द्या आणि प्रत्येक खेळानंतर त्यातून मूल काय शिकले, ते एका वाक्यात सांगा. कामावर जाणाऱ्या आयांना वेगळा दिवस काढणे जमत नाही, म्हणून मुलांचे वजन घेण्याचाच दिवस यासाठी ठेवावा. त्या दिवशी त्या तशाही येतात.