बांबोळी की मुंबई?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझ्या मुलीला नीटमध्ये चांगले गुण मिळाले. गोव्याच्या कोट्यातून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, प्रवेश मिळतोय आणि अखिल भारतीय कोट्यातून मुंबईतलं एक नावाजलेलं सरकारी कॉलेजही. तिचे मामा म्हणतात, बांबोळीला कोण विचारतो, पुढे पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, चांगली शाखा हवी तर मोठंच कॉलेज घ्या. तिला रेडिओलॉजी करायची आहे. काय करावं?
— एक आई, म्हापसा

उत्तर : अजून शवविच्छेदनाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही आणि रेडिओलॉजी ठरलीसुद्धा! असू दे, माझंही वय एकेकाळी तेवढंच होतं.

पीजीच्या जागा वाटताना कॉलेजचं नाव कुणी वाचत नाही. नीट-पीजीत २०० प्रश्न, साडेतीन तास. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. त्या ८०० पैकी गुणांवर क्रमांक लागतो आणि क्रमांकावर शाखा मिळते. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, एमबीबीएसचे गुणही धरत नाहीत. एम्स, जिपमरसारख्या केंद्रीय संस्थांची प्रवेशपरीक्षा, आयएनआय-सीईटी, वेगळी असते, तिथेही परीक्षाच बोलते.

कॉलेजचा संबंध येतो तो दुसरीकडून, आणि मामांच्या हे लक्षात आलेलं नाही. सरकारी कॉलेजांतल्या पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, निम्म्या राज्याकडे राहतात. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पीजीला रहिवासाच्या आधारे आरक्षण चालणार नाही. आपल्याच संस्थेत एमबीबीएस केलेल्यांना मात्र वाजवी मर्यादेत प्राधान्य देता येईल. म्हणजे मुंबईत शिकून परतलेल्या मुलीने 'मी म्हापशाची' म्हटलं, तर पीजीच्या रांगेत त्या म्हापशाला वजन नाही. बांबोळीत शिकलेलीला ते असू शकतं. मुंबईत शिकली तर तिथल्या प्राधान्याचा लाभ तिथे मिळेल, हेही खरं. पण तिथली रांग केवढी असते ते मामांना विचारा. दोन्हीकडची पीजीची माहितीपुस्तिका आत्ताच मिळवून वाचा, सक्तीच्या सेवेच्या बाँडच्या पानासकट.

मी शिकले तेव्हा आमचं कॉलेज पणजीत होतं, आता इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी होते त्या इमारतीत. पीजीला मुंबईला गेले, तर पहिल्याच आठवड्यात एका सीनियरने विचारलं, "गोव्यात मेडिकल कॉलेज आहे?" म्हटलं, १८४२ पासून आहे, तुमच्या ग्रँट मेडिकलच्या तीन वर्षं आधीपासून. त्याचं तोंड बंद झालं, पण माझी किंमत काही त्या सालाने वाढली नाही. ती वाढली दुसऱ्या आठवड्यात, तापाने सुकलेल्या एका बाळाची शीर त्याला सापडेना आणि मला सापडली तेव्हा. सावंतवाडी, कारवारहून येणाऱ्या रुग्णांनी भरलेल्या वॉर्डात माझा हात बसला होता. ते रुग्ण आता बांबोळीला येतात.

अमेरिकेला जायचं मनात असेल तर मात्र हिशेब निराळा. तिथे मुलाखती घेतात, पत्रं वाचतात, कॉलेजच्या नावाकडेही बघतात. तिथल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेच्या, यूएसएमएलईच्या, स्टेप १ चे गुण जानेवारी २०२२ पासून कळत नाहीत, फक्त पास की नापास एवढंच. त्यामुळे स्टेप २ चे गुण आणि तिथल्या डॉक्टरांनी दिलेली पत्रं यांचा भार वाढला. पण नावाचं हे कौतुक मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या कॉलेजांचं. बांबोळी काय नि भायखळा काय, त्यांना सारखंच लांब.

दोन्हीकडच्या इंटर्न मुलांना गाठून एवढंच विचारा : हातून काम किती करायला मिळतं, आणि अभ्यासाला रात्र उरते का? यातलं दुसरं नीट-पीजीला फार लागतं.

तुमच्या पत्रात मामांचं मत आहे, तुमची काळजी आहे. मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. तिला मुंबईच हवी असेल तर खुशाल पाठवा. तिचं काहीच ठरलं नसेल तर माझं मत बांबोळीला. घरून डबा येईल, आणि चवथीला रेल्वेच्या आरक्षणासाठी धावावं लागणार नाही.